निवड मुंबईला, बिल हिंगोलीला?

वीज कोणाकडून घ्यावी हे ठरविण्याचा अधिकार ग्राहकाला असावा, या म्हणण्याला उघड विरोध करणारा माणूस आज शोधूनही सापडणार नाही. किराणा कोणत्या दुकानातून आणावा, पैसे कोणत्या बँकेत ठेवावेत, दूरध्वनी कोणत्या कंपनीचा घ्यावा हे जर आपण ठरवितो, तर घरातला दिवा कोणाच्या विजेवर लावायचा हे आपण का ठरवू नये? प्रश्न बिनतोड वाटतो. केंद्राच्या ऊर्जा मंत्रालयाने २०२५ च्या ऑक्टोबरात वीज कायद्याच्या दुरुस्तीचा जो मसुदा प्रसिद्ध केला, त्याचा आधार हाच प्रश्न आहे. एकाच क्षेत्रात, एकाच तारांच्या जाळ्यावरून, एकाहून अधिक परवानाधारकांना वीज विकता यावी, अशी त्यात तजवीज आहे. ८ ऑगस्ट २०२२ रोजी लोकसभेत मांडलेल्या विधेयकाचाही गाभा हाच होता. ते विधेयक स्थायी समितीकडे गेले आणि सतराव्या लोकसभेबरोबर निकालात निघाले; त्यातला विचार मात्र निकालात निघाला नाही. म्हणूनच हा विचार मुंबईच्या सदनिकेत नव्हे, तर हिंगोलीच्या घरात नेऊन तपासून पाहणे अगत्याचे झाले आहे.

हिंगोलीच का, असे कोणी विचारील. परभणीतून वेगळा काढून १ मे १९९९ रोजी जन्माला घातलेला हा पाच तालुक्यांचा जिल्हा. हिंगोली, कळमनुरी, वसमत, सेनगाव आणि औंढा नागनाथ. नामदेवांचे नर्सी याच जिल्ह्यात, हळदीचे वसमत याच जिल्ह्यात. औंढ्याजवळच्या दुधाळा येथे विश्वाच्या पोकळीतून येणाऱ्या गुरुत्वीय लहरी मोजणारी वेधशाळा उभारण्यास केंद्रीय मंत्रिमंडळाने २०२३ च्या एप्रिलमध्ये मंजुरी दिली. खर्च सुमारे २,६०० कोटी रुपये! कोट्यवधी प्रकाशवर्षांवरचा थरकाप ज्या जिल्ह्यात टिपला जाणार, त्या जिल्ह्यातल्या गावची डीपी जळाली, तर ती बदलून मिळावी म्हणून आजही गावकऱ्यांना हेलपाटे घालावे लागतात. त्यांचा वीजपुरवठादार एकच आहे: महावितरण. आवडो वा न आवडो, सोडण्याची सोय नाही. आणि सोडून जायचे कोणाकडे, तर दुसरा कोणी नाहीच. निवडीचा हक्क खरा की खोटा, याची कसोटी अशाच ठिकाणी लागते. जिथे चार दुकाने आहेत तिथे पाचवे उघडले, यात पराक्रम कसला?

आधी एक गोष्ट लक्षात घ्यावी. विजेच्या क्षेत्रात निवड नाही, हे विधान सर्वांच्या बाबतीत खरे नाही. ते फक्त लहानांच्या बाबतीत खरे आहे. २००३ च्या वीज कायद्याने एक मेगावॅट वा त्याहून अधिक मागणी असलेल्या ग्राहकास कोठूनही वीज विकत घेण्याचा मार्ग मोकळा केला. २०२२ च्या नियमांनी हरित विजेपुरती ती मर्यादा १०० किलोवॅटपर्यंत खाली आणली. कारखानदाराला निवड आहे, मोठ्या रुग्णालयाला आहे, मोठ्या व्यापारी संकुलाला आहे. दोन-तीन किलोवॅटच्या मंजूर भारावर संसार चालविणारे शिक्षक, कारकून आणि निवृत्तिवेतनधारक त्या मर्यादेच्या कोसभरही जवळ नाहीत.

महाराष्ट्रात घरगुती ग्राहकाने पुरवठादार बदलण्याचा प्रयोग खरोखरी झाला तो मुंबईच्या उपनगरांत. टाटांच्या कंपनीला किरकोळ ग्राहकांनाही वीज विकता येईल, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २००८ च्या जुलैमध्ये दिला. पुढच्या वर्षी, ऑक्टोबर २००९ मध्ये, राज्य वीज नियामक आयोगाने त्याची रीत ठरवून दिली. तारा रिलायन्सच्याच राहतील, वीज टाटांची येईल आणि तारा वापरल्याबद्दलचा वहन आकार ग्राहक तारांच्या मालकाला देत राहील. टाटांचा दर त्या वेळी कमी होता, आणि ग्राहकांनी अर्ज केले यात त्यांचा काहीच दोष नव्हता. स्वस्त मिळते तिथून माल घ्यावा, हा प्रपंचाचा पहिला धडा आहे.

पण पुढे काय झाले? अधिक वीज वापरणारा, अधिक दर देणारा ग्राहक निघून जाऊ लागला. आणि ज्याच्या बिलातून थोडा भार उचलला जात होता तोच गेल्यावर तो भार मागे राहिलेल्यांच्या डोक्यावर येणार हे उघड झाले. म्हणून २०११ साली आयोगाने पुरवठादार बदललेल्या ग्राहकांवर क्रॉस सबसिडीचा अधिभार बसविला. २०१२ साली तर आयोगाने त्याहून कडक पाऊल उचलले. टाटांनी काही काळ महिना ३०० युनिटांपर्यंत वापर असलेल्या घरगुती ग्राहकांनाच आपल्याकडे घ्यावे, असा आदेश त्याने काढला. तो आदेश अपिलात गेला, त्यावर वकिलांचे युक्तिवाद झाले. ते सारे येथे उगाळण्याचे कारण नाही. आदेश काढण्याची वेळ का आली एवढेच ध्यानात घ्यावे. नवा विक्रेता बाजारात येतो तो मलई खाण्यासाठी; ताक पिण्यासाठी कोणी येत नाही! पुढे दरांची पारडी खाली-वर झाली, तसे काही ग्राहक परतलेही. ज्यांनी पहिल्या वर्षीची बचत कायमची समजून हिशेब मांडला होता, त्यांचा हिशेब चुकला.

ही गोष्ट मुंबईची म्हणून हिंगोलीकरांनी दुर्लक्षू नये. २०२२ साली महावितरणच्या क्षेत्रात समांतर परवाना मागणारा जो अर्ज अदानी समूहातील कंपनीने केला, त्यात कोणती गावे होती? भांडुप, मुलुंड, ठाणे, नवी मुंबई, पनवेल, तळोजा, उरण! कळमनुरीचे नाव त्यात नव्हते, सेनगावचे नव्हते. त्या अर्जाविरुद्ध ४ जानेवारी २०२३ रोजी राज्यातील वीज कर्मचारी संपावर गेले आणि त्याच दिवशी सरकारशी बोलणी होऊन संप मिटला. संपाची बाजू बरोबर की चूक, हा वेगळा वाद आहे. अर्जातला नकाशा मात्र सर्व काही सांगून जातो. जिथे बिल वेळेवर भरले जाते, घरे दाटीने उभी आहेत आणि कारखाने आहेत, तिथे स्पर्धा. जिथे एका वस्तीसाठी मैलभर तार ओढावी लागते, तिथे मक्तेदारी. आणि तीही अशा सरकारी कंपनीची, जिच्याकडचे चांगले ग्राहक निघून गेले आहेत.

यातला धोका नीट उलगडून सांगितला पाहिजे, कारण शहरातील सुशिक्षित वाचक पुष्कळदा येथेच घसरतो. महावितरणचे सुमारे तीन कोटी ग्राहक आहेत. वीज पोचविण्याचा खर्च सर्वांच्या बाबतीत सारखा नाही आणि दरही सारखा नाही. कारखाना, दुकान आणि मोठा घरगुती ग्राहक खर्चाहून अधिक देतात. शेतकरी आणि शंभर युनिटांच्या आतला ग्राहक कमी देतात. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपाचे बिल एप्रिल २०२४ पासून पाच वर्षांसाठी सरकारने स्वतःकडे घेतले आहे. ते पैसेही शेवटी लोकांच्या करांतूनच जातात. ठाण्या-पनवेलचा भरभक्कम ग्राहक उद्या दुसऱ्याकडे गेला, तर हिंगोलीच्या घराचे बिल जागच्या जागी वाढेल. हिंगोलीकराने कोणाशी करार केला नसेल, कोणाचा मोडला नसेल, कोणत्या कागदावर सही केली नसेल; तरी दुसऱ्याने केलेल्या निवडीची किंमत तो भरील. याला निवड म्हणावे काय?

याचा अर्थ महावितरणची मक्तेदारी ही काही पूजा करण्याची वस्तू आहे, असा मुळीच नाही. २००५ साली जुन्या वीज मंडळाचे विभाजन होऊन ही कंपनी जन्मली, आणि त्याच सुमारास मराठवाड्याने भारनियमनाची ती काळी वर्षे सोसली. ज्या फीडरवर गळती आणि थकबाकी जास्त, त्या फीडरवर अंधार जास्त, असा तेव्हाचा न्याय होता. आकडा टाकी शेजारी आणि दिवा जाई बिल भरणाऱ्याचा! हे ज्यांनी सोसले, त्यांना ‘दुसरा कोणी आला तर बरे’ असे वाटले, तर त्यांना दोष देणारे आम्ही कोण? तक्रार रास्त आहे. तिच्यावर जे औषध आज सांगितले जात आहे ते रोग्यापर्यंत पोचणारच नाही, हा आमचा आक्षेप आहे.

खाजगी कंपनी आली की कारभार आपोआप सुधारतो, अशी काहींची श्रद्धा असते. त्यांनी मराठवाड्याच्या राजधानीकडेच पाहावे. तेव्हाच्या औरंगाबाद शहराचे वीजवितरण २०११ साली फ्रँचायझी पद्धतीने एका खाजगी कंपनीकडे पंधरा वर्षांसाठी दिले गेले. थकबाकीच्या कारणावरून महावितरणने २०१४ च्या नोव्हेंबरात तो करार संपविला. नागपूरच्या काही भागांतही २०११ सालीच असा प्रयोग सुरू झाला आणि मुदत बरीच शिल्लक असताना २०१९ च्या सप्टेंबरात तेथील कारभार महावितरणकडे परत आला. भिवंडीत २००७ पासून हीच पद्धत टिकली आणि तेथील गळती पुष्कळ घटली, हेही प्रांजळपणे सांगितले पाहिजे. निष्कर्ष असा, की खाजगी म्हणजे वाईट नव्हे आणि खाजगी म्हणजे चांगलेही नव्हे. मुदतीपूर्वी करार मोडण्याची भाषा ग्राहकाच्या संदर्भात बोलली जाते. आपल्याकडे मात्र मुदतीपूर्वी निघून गेला तो पुरवठादार! तो गेला तेव्हा दिवे चालू राहिले, कारण मागे महावितरण उभे होते. तेही खिळखिळे झाले, तर पुढच्या वेळी मागे कोण उभे राहणार?

ज्या देशाकडे आपले सुधारक बोट दाखवितात, त्या ब्रिटनचा अनुभव तरी काय सांगतो? तेथे १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून घरगुती ग्राहकाला वीज व गॅस यांचा पुरवठादार निवडता येतो. ठराविक मुदतीचा, ठराविक दराचा करार होतो. मुदत संपण्यापूर्वी सोडून गेल्यास बहुधा दंड द्यावा लागतो. अखेरच्या ४९ दिवसांत मात्र तो घेता येत नाही. व्यवस्था देखणी आहे. पण २०२१ च्या शरद ऋतूत गॅसचे भाव भडकले आणि स्वस्त दराचे वचन देणाऱ्या लहान कंपन्या एकामागून एक बुडाल्या. त्यांची संख्या तिसाच्या घरात गेली. त्यांचे ग्राहक रातोरात दुसऱ्या कंपन्यांकडे सोपविले गेले, स्वस्त करार हवेत विरले आणि या बुडण्याचा खर्च अखेरीस सर्व ग्राहकांच्या बिलांत पसरला. ज्याने कधीच पुरवठादार बदलला नव्हता, त्यानेही तो भरला. नियमनाची एवढी जुनी परंपरा असलेल्या देशात हे घडते, तर आपण अधिकच सावध असले पाहिजे.

मग हिंगोलीच्या गृहस्थाने आज करावे तरी काय? त्याच्यापुरती एक निवड आजही खरी आहे. ती कोणत्याही कंपनीच्या कार्यालयात नसून त्याच्या स्वतःच्या छतावर आहे. १३ फेब्रुवारी २०२४ रोजी सुरू झालेल्या सूर्यघर योजनेत एक किलोवॅटला ३० हजार, दोन किलोवॅटला ६० हजार आणि तीन वा अधिक किलोवॅटला ७८ हजार रुपये असे केंद्राचे अनुदान ठरले. मराठवाड्याचे ऊन, ज्याला आपण जन्मभर शिव्या दिल्या, ते येथे कामाला येते. एक किलोवॅटचे पॅनेल वर्षाच्या सरासरीने दिवसाला सुमारे चार युनिटे देते. तेव्हा दुसरा पुरवठादार येईल आणि मग पाहू, अशी वाट पाहत बसण्यात अर्थ नाही. ज्याचे छत स्वतःचे आहे, सावलीविना मोकळे आहे आणि ज्याचा वापर बाराही महिने शंभर युनिटांच्या बराच वर असतो, त्याने हा विचार आजच करावा, असे आमचे स्पष्ट मत आहे.

पण सही करण्यापूर्वी हिशेब मांडावा. मागील बारा महिन्यांची बिले पुढ्यात घ्यावीत. एकट्या मे महिन्याचे बिल पाहून घाबरू नये आणि विक्रेत्याने दाखविलेल्या एकाच बिलावर भुलू नये. ज्या घराचा वापर महिना दीडशे युनिटांचा आहे, त्याला तीन किलोवॅटची गरज नसते. अनुदान सर्वांत अधिक तिथे आहे म्हणून ती गळ्यात बांधली जाते. शिल्लक राहिलेल्या युनिटांना वर्षअखेरीस जो भाव मिळतो, त्यावर कोणी श्रीमंत झालेला नाही. स्थिर आकार चुकत नाही, कर्जाचा हप्ता चुकत नाही. पॅनेल पंचवीस वर्षे चालतात, पण विक्रेत्यावरची देखभालीची जबाबदारी पाच वर्षांची असते. सहाव्या वर्षी कोणाला हाक मारायची, हे पहिल्याच दिवशी विचारून ठेवावे. आणि सर्वांत मोठा गैरसमज हा, की पॅनेल बसविले म्हणजे लाईन गेली तरी घर उजळते. तसे होत नाही. तारांशी जोडलेली ही यंत्रणा लाईन गेल्याबरोबर स्वतःही बंद पडते, कारण तसे न झाल्यास खांबावर काम करणाऱ्या वायरमनच्या जिवावर बेतेल. अंधार टाळायचा असेल, तर बॅटरीचा वेगळा खर्च करावा लागतो.

ज्याचा वापर शंभर युनिटांच्या आत आहे, त्याने घाई करू नये. त्याला आज जो दर पडतो तो सवलतीचा आहे. भाड्याच्या घरात राहणाऱ्याला तर छतच नाही. निवड म्हटली की ती अशी गळतगळत शेवटी थोड्यांच्या हाती उरते. आणि छतवाल्यांनीही एक भान ठेवावे. दिवसा आपण सूर्याचे असलो, तरी रात्री पुन्हा त्याच तारांचे आश्रित आहोत. त्या तारा, ते खांब, ती डीपी राखण्याचा वाटा कोणीतरी उचलावाच लागतो. तो फक्त छत नसलेल्यांनी उचलावा, असे म्हणणे माणुसकीला शोभणारे नाही.

पुरवठादारांची स्पर्धा आणायची असेल, तर ती जरूर आणावी. पण काही अटी आधी कायद्यात लिहाव्यात. पहिली अट अशी, की जो ठाणे मागतो त्याने हिंगोलीचाही वाटा उचलावा. त्याला प्रत्यक्ष येथे येऊन वीज देणे जमत नसेल, तर चांगल्या ग्राहकांवरील अधिक कमाई सामाईक निधीत जमा करावी. २०२२ च्या विधेयकात अशा निधीची कल्पना होती. ती केवळ कल्पना राहू नये. दुसरी अट पुरवठ्याच्या बंधनाची. मागेल त्याला वीज देण्याचे जे बंधन आजचा कायदा घालतो, ते २०२५ च्या मसुद्यात मोठ्या ग्राहकांपुरते सैल करण्याची वाट ठेवली आहे. मोठ्यांसाठी उघडलेले दार उद्या लहानांवर बंद होणार नाही, याची हमी हवी. तिसरी अट कराराची. तो साध्या मराठीत असावा, मुदतीपूर्वी सोडल्यास किती दंड हे पहिल्या पानावर ठळक आकड्यांत असावे आणि कंपनी बुडाल्यास ग्राहकाची सुरक्षा ठेव तिच्याबरोबर बुडू नये. आणि चौथी अट तारांची. वीज कोणाचीही असो, तार तुटली वा डीपी जळाली, तर जबाबदार कोण, हे एका नावाने लिहिलेले असावे. दोन मालकांच्या भांडणात गाव अंधारात राहता कामा नये.

येथे सुशिक्षित मध्यमवर्गाला एक गोष्ट परखडपणे सांगणे भाग आहे. नियामक आयोग दरवाढीच्या प्रस्तावांवर जाहीर सुनावण्या घेतो, लेखी हरकती मागवितो. तेथे कारखानदारांचे वकील असतात, ग्राहक संघटनांचे मूठभर चिवट कार्यकर्ते असतात. महिन्याच्या बिलावर सर्वांत मोठ्या आवाजात बोलणारा मध्यमवर्ग तेवढा नसतो. स्थिर आकार म्हणजे काय, वहन आकार म्हणजे काय, हे बिलावर छापलेले असते. पण ते वाचण्याआधी आपण फक्त खालची रक्कम वाचतो. ज्याला आपले बिल वाचता येत नाही, त्याच्या हाती उद्या दहा पुरवठादारांचे दहा करार दिले, तरी तो निवड करणार नाही. त्याची निवड दुसराच कोणी करील.

निवडीच्या हक्काला आमचा विरोध नाही. पण जो हक्क भांडुपच्या ग्राहकाला स्वस्त वीज देतो आणि त्याचा खर्च औंढ्याच्या विधवेच्या बिलात लिहितो, तो हक्क नव्हे; ती सवलत आहे, आणि तीही दुसऱ्याच्या खिशातून दिलेली. कायदा करणाऱ्यांनी आधी हिंगोलीच्या घराचे बिल हातात घ्यावे. ते वाढत नसेल, तर मुंबईकरांनी खुशाल पुरवठादार बदलावा. वाढत असेल, तर त्या सुधारणेवर सही करण्यापूर्वी सरकारने दहादा विचार करावा!